महिन्याची व्रतं : एकादशी, संकष्टी, प्रदोष, पौर्णिमा, अमावस्या. सोलापूरकरांना वारंवार पडणारे प्रश्न

आपल्या सोलापुरात एकाच वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू अशी तीन घरं असतात आणि एकादशी तिन्ही घरांत एकाच दिवशी येते. पण ही कुठून आली, कधीपासून आहे, कुणी ठरवली असं विचारलं की घरातली मोठी माणसं "पहिल्यापासून आहे बघ" म्हणून मोकळी होतात. पहिल्यापासून आहे हे खरंच आहे, पण त्या "पहिल्यापासून"मध्ये तीनेक हजार वर्षांचा इतिहास भरलाय आणि त्यातला बराचसा भाग आपल्याच जिल्ह्यात घडलाय. ज्यांना उपवास करायचाय त्यांनी तो माहिती घेऊन करावा, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी उगाच घाबरून राहू नये, म्हणून हे सगळं एका जागी लिहिलंय.

महिन्याची व्रतं म्हणजे नेमकी कोणती?

चांद्र महिन्यात तीस तिथी, पंधरा शुद्ध पक्षाच्या आणि पंधरा वद्य पक्षाच्या. त्यात दोन एकादशा, शुद्ध चतुर्थीला विनायकी, वद्य चतुर्थीला संकष्टी, दोन्ही त्रयोदशांना प्रदोष, वद्य चतुर्दशीला मासिक शिवरात्र, मग पौर्णिमा आणि अमावस्या. काही घरांत अष्टमी पण धरतात, दुर्गाष्टमी म्हणून शुद्ध आणि कालाष्टमी म्हणून वद्य. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वाराचे उपवास, त्यांचा हिशोब वेगळा, इथं फक्त तिथीचं बघू.

सगळीच सगळं करत नाहीत. घराचा देव कोण, माहेरून काय आलं, सासरी काय चालतं आणि नवस कशाचा बोललाय, यावर ते ठरतं.

हे वेदात आहे का? सुरुवात कधी झाली?

आज जसं आपण करतो तसं नाही, पण मुळाचा धागा तिथंच सापडतो. वैदिक काळात घरात अग्नी ठेवणारा गृहस्थ दर अमावस्येला आणि पौर्णिमेला एक यज्ञ करायचा, त्याला दर्शपूर्णमास म्हणतात, आणि मुख्य आहुती दुसऱ्या दिवशी असल्यामुळं आदल्या दिवशी तो आणि त्याची बायको दोघं व्रत धरायची. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाची सुरुवातच या व्रतापासून होते. त्यात कारण इतकं घरगुती दिलंय की वाचून मला फार आवडलं: उद्या यज्ञ आहे हे देवांना कळतं, ते आदल्या रात्रीच घरी मुक्कामाला येतात, आणि घरात पाहुणे उपाशी असताना यजमानानं आधी जेवणं बरं दिसत नाही. अगदीच भूक लागली तर जे देवाला आहुतीत देत नाहीत ते खावं, म्हणजे रानात आपोआप उगवलेलं, झाडाचं फळ वगैरे.

आपण फराळाला वरी, कंदमुळं, फळं चालतात आणि शेतात पिकवलेला गहू-तांदूळ चालत नाही म्हणतो, तो विचार इतका जुना आहे. गंमत म्हणजे तिथंच बर्कु वार्ष्ण नावाचा एक जण म्हणतो की मला उडीद शिजवून द्या, उडदाची आहुती तर देत नाहीत, मग खायला काय हरकत? ग्रंथ म्हणतो नाही चालणार, कारण उडीद हा भात-जवाच्या जोडीचाच पदार्थ झाला. म्हणजे उपवासाला काय चालतं आणि काय नाही ही वादावादी अडीच हजार वर्षांहून जुनी आहे, तेव्हा तुमच्या घरी त्यावरून सासू-सुनेचं वाजलं तर मनाला लावून घेऊ नका.

नंतर श्रमणांकडं, म्हणजे बौद्ध-जैनांसारख्या यज्ञ न मानणाऱ्या पंथांकडं बघा. बौद्धांच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गोष्ट आहे की मगधचा राजा बिंबिसार बुद्धांना म्हणाला, दुसऱ्या पंथाचे परिव्राजक दर पक्षात अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्येला जमतात, धर्म सांगतात, लोक ऐकायला येतात आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवतात, तर आपल्या भिक्खूंनीही तसं जमावं. बुद्धांनी ते मान्य केलं. तोच उपोसथ. साधे उपासक त्या दिवशी आठ शीलं पाळायचे, दुपारनंतर जेवायचे नाहीत. जैन श्रावक आजही अष्टमी-चतुर्दशीला पौषध नावाचं उपवासाचं व्रत करतात आणि सोलापुरात जैन शेजारी असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. थोडक्यात, महिन्यातले ठराविक दिवस देवाधर्माला आणि खाण्यावर ताबा ठेवायला राखून ठेवणं ही कुणा एका पंथाची मक्तेदारी नव्हती, ती त्या काळच्या साध्या माणसांची सगळ्यांची मिळून सवय होती.

मग यज्ञाचं व्रत कसं झालं?

पुराणांमुळं. आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. यज्ञाला अग्नी पाहिजे, पुरोहित पाहिजेत, खर्च पाहिजे, आणि तो करायचा अधिकार मोजक्या लोकांना. पुराणांनी सांगितलं की उपवास, स्नान, पूजा, दान, कथा ऐकणं आणि रात्री जागणं एवढं केलं तरी तितकंच पुण्य आहे, आणि ते बायकांना चालतं, शूद्रांना चालतं, गरिबाला चालतं. तिथून व्रत हा घराघरातला धर्म झाला.

पुढं व्रतं इतकी वाढली की ती गोळा करून ठेवायला मोठे ग्रंथ लिहावे लागले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्यानं तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी नावाचा प्रचंड ग्रंथ केला आणि त्यातला एक अख्खा खंड नुसता व्रतांचा आहे, तिथीनुसार लावलेला, प्रतिपदेची कुठली, द्वितीयेची कुठली असं करत. हेमाडपंती देवळं सगळ्यांना माहीत असतात, पण त्यानं व्रतांचा एवढा मोठा संग्रह केलाय हे कुणी सांगत नाही.

एकादशी किती जुनी?

पुराणांत भरपूर आहे, पण बाहेरच्या माणसाची साक्ष पाहिजे असेल तर अल्बेरुनी. महमूद गझनीच्या काळात हा ख्वारिझमचा विद्वान इकडं आला, संस्कृत शिकला, आणि साधारण १०३० साली त्यानं हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात उपवासांवर वेगळं प्रकरण आहे. दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीला आणि शुद्ध एकादशीला लोक उपवास करतात आणि एकादशी वासुदेवाची खास मानतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ही इतकी नेहमीची गोष्ट होती की परक्या माणसाच्याही डोळ्यात भरली.

कथा मात्र भागवतातली ऐका, अंबरीष राजाची. एकादशी झाली, द्वादशीला पारण्याची म्हणजे उपवास सोडायची वेळ, आणि दुर्वास ऋषी अंघोळीला गेलेले परतच येईनात. पाहुण्याआधी जेवलं तर पाप आणि द्वादशी संपली तर व्रत मोडणार. शेवटी ब्राह्मणांना विचारून राजा फक्त पाणी पितो, कारण पाणी पिणं म्हणजे खाल्लंही आणि नाही खाल्लंही. दुर्वास चिडतात, पुढं सुदर्शन चक्र त्यांच्या मागं लागतं आणि शेवटी त्यांना राजाच्याच पाया पडावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पारणं वेळेत करणं हा एकादशीचा अर्धा भाग आहे आणि आज तोच लोक विसरतात. दिवसभर उपास करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला जेवायचं, तर शास्त्राप्रमाणं ते बरोबर नाही, द्वादशी असेपर्यंत सकाळी सोडावी.

पंढरपूरची वारी आषाढी-कार्तिकीलाच असते ना? दर महिन्याची वारी म्हणजे काय?

दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूर आणि वद्य एकादशीला आळंदी, ही महिन्याची वारी. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या. पण खरा माळकरी महिन्याची वारी चुकवत नाही, आणि ज्याला दोन्हीकडं जमत नाही तो निदान शुद्ध एकादशीला चंद्रभागेत अंघोळ करून, कळसाचं दर्शन घेऊन परत येतो. आपल्याला सोलापूरहून पंढरपूर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी घरी, त्यामुळं आपल्या शहरातल्या किती तरी साध्या माणसांनी, विडी वळणाऱ्या बायकांनी, गिरणीतून रिटायर झालेल्या म्हाताऱ्यांनी ही वारी आयुष्यभर गाजावाजा न करता चालवलीय.

पंढरपूरच्या देवळात होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ सालचा शिलालेख आहे, आणि ज्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात तो १२७३ ते १२७७ दरम्यानचा, रामदेवराव यादवाच्या काळातला, त्यात देवळाला कुणी काय देणगी दिली ते कोरलंय. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात हे क्षेत्र आधीच गजबजलेलं होतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, म्हणून तिथली मोठी यात्रा कार्तिक वद्य एकादशीपासून भरते. वारकऱ्यांनी एकादशीत एक मोठी गोष्ट केली, फलश्रुतीची लालूच बाजूला ठेवली. अमुक एकादशीनं अमुक पाप जातं हे पुराण सांगतं, वारकरी म्हणतो मला काही नको, भजन-कीर्तनाला उभं राहायचंय आणि त्याला पोट हलकं पाहिजे. तुकोबांनी मात्र एकादशीला जेवणाऱ्यांवर भयंकर कडक शब्दांत लिहिलंय, ते वाचताना अंगावर येतं, पण ते माळ घालून शब्द दिलेल्यांसाठी आहे असं मी समजतो.

पूर्वी जाणं सोपं नव्हतं. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेली आणि त्यानंतर महिन्याची वारी कष्टकऱ्यांच्या आवाक्यात आली, नाहीतर आधी पायी किंवा बैलगाडीच.

कॅलेंडरवर कधी कधी दोन एकादशा का असतात? स्मार्त आणि भागवत?

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्रात १२ अंशांचं अंतर वाढायला लागणारा वेळ. चंद्र कधी वेगात असतो कधी सावकाश, म्हणून तिथी साधारण २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत कितीही असू शकते आणि ती आपल्या सूर्योदयाला जुळवून घेत नाही. मग एकादशी मध्यरात्री लागली किंवा पहाटे पाचला लागली तर उपवास कधी? स्मार्त लोक, म्हणजे स्मृतिग्रंथांप्रमाणं चालणारे, बहुतेक वेळा सूर्योदयाला एकादशी आहे का एवढं बघतात. भागवत म्हणजे वैष्णव त्याच्या आधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदयाला बघतात, त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीनं बाटली असं धरून दुसऱ्या दिवशी उपवास करतात. बऱ्याच माळकरी घरांत भागवत धरतात. तुमच्या घरी जी चालत आलीय ती करा, दोन्ही बरोबर आहेत. दोन्ही दिवस करायची तर अजिबात गरज नाही.

हे असले गुंते सोडवणारा ग्रंथ आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेलाय हे फार कमी लोकांना माहितीय. काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये, मूळ घराणं कोकणातल्या गोळवलीचं, राहणं पंढरपुरात, यांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधु लिहिला. त्याआधी काशीच्या कमलाकर भट्टांचा १६१२ चा निर्णयसिंधु होता, पण तो पंडितांसाठी, चर्चा जास्त. धर्मसिंधुत वाद कमी आणि निकाल जास्त, म्हणून महाराष्ट्रातले जोशी-भटजी आजपर्यंत तोच उघडतात. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एकादशी कुठल्या चौकटीत छापायची याचा निर्णय मोठ्या प्रमाणात पंढरपुरात बसून झालाय, आणि मला याचा खरंच अभिमान वाटतो.

संकष्टीला चंद्रोदयाची वेळ मुंबईची बघायची की सोलापूरची?

सोलापूरची. आपण मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन रेखांश आहोत, त्यामुळं चंद्र आपल्याकडं दहा-पंधरा मिनिटं आधी दिसतो. मुंबईची वेळ बघून थांबलात तर काही बिघडत नाही, नुसतं उपाशी जास्त राहाल, पण पुणे-मुंबईला असलेल्या पोरांना आपली वेळ फोन करून सांगू नका, त्यांच्याकडं तेव्हा चंद्र उगवलेला नसतो. ढग असले तर वेळेवर अर्घ्य देऊन सोडायचं.

संकष्टी वद्य चतुर्थीला, रात्री चंद्रोदयानंतर जेवण. विनायकी शुद्ध चतुर्थीला, तिची पूजा माध्यान्हीला. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी, मग आजोबा गणपतीपुढं रांग बघा. महाराष्ट्रात गणपतीची ही भक्ती चिंचवडच्या मोरया गोसावींच्या परंपरेनं आणि पुढं पेशव्यांच्या घराण्यानं फार वाढवली, त्यामुळं संकष्टी इकडं जेवढी घट्ट आहे तेवढी सगळ्या देशात नाही.

साबुदाणा उपवासाला चालतो असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

कुठल्याच नाही, कारण तो तेव्हा नव्हताच. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांच्या मार्गानं इकडं आला, आणि कारखान्यातला साबुदाणा तर तमिळनाडूतल्या सेलमकडं १९४० च्या दशकात सुरू झाला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची सगळं अमेरिकेतलं. राजगिऱ्याचंही मूळ तिकडचंच. म्हणजे खिचडीच्या ताटातून नवीन आलेलं काढून टाकलं तर तूप, जिरं आणि मीठ उरतं. पण याचा अर्थ हे चुकीचं आहे असा नाही. नियम काय होता, देवाला वाहतो ते नेहमीचं धान्य नको, कंदमूळ-फळ चालेल. नवीन कंद आला, लोकांनी त्याच नियमात बसवला. बायकांनी स्वयंपाकघरात केलेला हा शास्त्रार्थच आहे.

सोलापुरात एक गोष्ट जपा, आपली शेंगाचटणी. बाजारची लसूण घालून कुटलेली असते, ती उपवासाला नाही चालत. उपवासाची वेगळी करून घ्या, शेंगदाणे, तिखट, मीठ, जिरं, बस. काही घरांत जिरंही नाही चालत, तिथं विचारून घ्या.

आणि एक मनापासून सांगतो, साबुदाणा वडे, वेफर्स, चिक्की, बर्फी असं दिवसभर खाऊन उपवास होत नाही, एक वेळ भगर-आमटी आणि ताक घेतलं तर पोटालाही बरं आणि व्रतालाही.

प्रदोष म्हणजे काय, आणि सिद्धेश्वराला प्रदोषाला जायचं का?

त्रयोदशीला सूर्य मावळल्यानंतरचा काळ म्हणजे प्रदोष, तेव्हा शंकराची पूजा आणि मग जेवण. सोमवारी आला तर सोमप्रदोष, शनिवारी आला तर शनिप्रदोष. शनिप्रदोषाची कथा गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात आहे, उज्जैनच्या राजाची आणि एका गवळ्याच्या पोराची. राजाची पूजा बघून ते पोर साधा दगड मांडून खेळता खेळता पूजा करतं आणि शंकर त्याला पावतो. संध्याकाळी तळ्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडलेलं असताना सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, अवश्य जा, त्याला प्रदोषच कशाला पाहिजे.

पण इथं सोलापूरचा एक वेगळा पदर आहे तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणायचे, त्यांनी लोकांना घेऊन तळं खोदलं, देऊळ बांधलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या मार्गानं जाणाऱ्या शिवभक्तांची, परंपरा सांगते की त्यांच्यातले थोर शरण अल्लमप्रभू इथं आले आणि म्हणाले बाहेरचं तळं-देऊळ ठीक आहे पण आतलं बघ, आणि मग सिद्धराम कल्याणला (आताचं बसवकल्याण) बसवण्णांच्या मेळ्यात गेले. शरणांचं म्हणणं होतं की इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज पूजा करायची, दिवस शुभ आणि अशुभ नसतो, मुहूर्त बघू नका. त्यामुळं पक्क्या लिंगायत घरात तुम्हाला एकादशी-संकष्टीचं फार महत्त्व दिसणार नाही, त्यांचं व्रत रोजचं. तरी श्रावणातले सोमवार, अमावस्या, शिवरात्र धरणारे पुष्कळ आहेत, शेजारधर्मानं सगळं एकमेकांत मिसळतंच.

आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, हे तिथीवर नाहीत, संक्रांतीवर म्हणजे सूर्यावर आहेत, म्हणून दरवर्षी जानेवारीत तेराचौदा तारखेच्या आसपासच येतात. बाकीचे सण पुढंमागं सरकतात आणि गड्डा का सरकत नाही हे पोरं विचारतात, त्याचं उत्तर हे.

पौर्णिमेला काय करायचं असतं?

पौर्णिमेला कुलाचार. आपल्याकडं तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर, त्यामुळं कित्येक घरांची दर पौर्णिमेची फेरी असते, ज्यांना जमत नाही ते गावातच रूपाभवानीला जातात. कोजागिरीला तर अख्खं सोलापूर रात्रभर तुळजापूरच्या रस्त्यानं चालत असतं, आणि कर्नाटक, आंध्र, तेलंगणाचे भाविकही आपल्या गावावरून पायी जातात, त्यांना चहा-केळी-पाणी देणारे मांडव रस्त्याच्या दोन्ही बाजूला असतात. दत्ताचे भक्त गाणगापूरला जातात. आता बघा, जी भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते तीच पुढं आपल्या जिल्ह्याच्या कडेनं जाऊन गाणगापूरला पोचते. वारकऱ्यांची एकादशी आणि दत्तभक्तांची पौर्णिमा एकाच पाण्याच्या काठावर आहे.

सत्यनारायण हा पौर्णिमेला बरेच जण करतात, पण तो कुठल्याही दिवशी चालतो. कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगतात. बंगालमध्ये सत्यपीर या नावानं हिंदू-मुसलमान दोघं मानत असलेल्या देवाची पूजा आणि तिच्या कथा आपल्या सत्यनारायणाशी फार मिळत्याजुळत्या आहेत, प्रसादसुद्धा तसाच.

अमावस्या वाईट असते का?

नाही. वेदकाळात तो यज्ञाचा दिवस होता, पुढं पितरांचा झाला. दुकानदार लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडतात, गाडीला हार घालतात. सोमवारी आली तर सोमवती, जेजुरीला खंडोबाची यात्रा. आणि मार्गशीर्षातली वेळ अमावस्या तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या शेतकऱ्यांचा मोठा आनंदाचा दिवस, शेतात कोपी करून पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, बोलावणं नसलं तरी जा. ज्या दिवशी आख्खा तालुका शेतात जेवायला बसतो तो दिवस वाईट कसा असेल?

तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांचे महिने आपल्यासारखेच, मग उत्तर भारतीयांचा श्रावण आधी का सुरू होतो?

महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, गुजरातमध्ये महिना अमावस्येला संपतो. उत्तरेत पौर्णिमेला संपतो. त्यामुळं वद्य पक्षाचं नाव बदलतं, त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, पण एकादशी आणि चतुर्थी दोघांची त्याच दिवशी. नुसतं महिन्याचं नाव वेगळं. आपल्या पद्मशाली समाजाचा उगादी आणि आपला पाडवा एकच दिवस असतो तो याच कारणानं. पेठेत उत्तरेकडचं कुणी श्रावणातला सोमवार आधी करत असेल तर त्यांचं चुकत नाहीये.

अधिक महिन्यात काय?

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून दर ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा. २०२३ ला श्रावण अधिक होता, आठवत असेल. त्या वर्षी एकादशा २४ च्या जागी २६. नेहमीची महिन्याची व्रतं चालू ठेवायची, नवीन सुरू करायचं किंवा उद्यापन करायचं मात्र टाळतात.

पूर्वी कॅलेंडर नव्हतं तेव्हा तिथी कशी कळायची?

जोशी किंवा गुरव सांगायचा. सकाळी दारावर येऊन तिथी-वार-नक्षत्र वाचायचा आणि त्याबदल्यात पसाभर धान्य घ्यायचा. खेड्यात बाया चंद्रावरूनच हिशोब ठेवायच्या आणि तो क्वचित चुकायचा. मग छापील पंचांगं आली, पण ती वाचायला शिकावं लागायचं. १९७३ साली जयंत साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि तारखेच्या चौकटीतच एकादशी, संकष्टी, चंद्रोदय छापलेलं दिसायला लागलं. त्यानं व्रतांची चावी भटजीच्या हातून घरातल्या बाईच्या हातात आली असं मी म्हणेन. आता तर मोबाइलवर आदल्या दिवशी मेसेज येतो.

ही व्रतं खरंच सगळ्यांना मोकळी होती का?

घरात करायला मोकळी होती, देवळात नाही. हे लपवून चालणार नाही. आपल्या मंगळवेढ्याचे चोखोबा, एवढा मोठा संत, एकादशी धरणारा, विठ्ठलाच्या नावानं जगणारा, त्यांना देवळाबाहेर राहावं लागलं. आणि ते सहाशे वर्षं तसंच चाललं. साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण केलं, १० मे ला ते यशस्वी झालं. पंढरपुरात एकादशीचे उपवास शतकानुशतकं झालेत, पण देवळाचं दार उघडणारा उपवास तो होता. पंढरपूरचा इतिहास सांगताना हे सांगितलंच पाहिजे, पोरांनाही सांगा.

मासिक पाळीत व्रत आलं तर?

धर्मसिंधुसारखे ग्रंथ सांगतात की सुरू केलेलं व्रत त्यामुळं मोडत नाही, उपवास स्वतः करावा आणि पूजा दुसऱ्याकडून करून घ्यावी. म्हणजे जुन्या ग्रंथांनीसुद्धा व्रत वाया गेलं असं म्हटलेलं नाही. आता पुष्कळ घरांत बायका पूजाही स्वतःच करतात. त्यावरून कुणाला रडवू नका, एवढं माझं कळकळीचं मागणं.

शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, वय झालंय. उपवास सोडला तर पाप लागेल का?

नाही, नाही आणि नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट लिहितो. महाभारतात एक श्लोक आहे, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. औषध त्यात स्पष्ट आहे. गोळी घ्यायचीय आणि गोळीसोबत खायचंय तर खा. एकादशीचं बंधनसुद्धा आठ वर्षांच्या पुढं आणि ऐंशीच्या आत असं सांगितलंय, म्हणजे पणजी आणि नातू दोघं सुटले. पूर्ण उपवास झेपत नसेल तर नक्त म्हणजे फक्त रात्री जेवणं, एकभुक्त म्हणजे दुपारी एकदा जेवणं, असे पर्याय शास्त्रानंच दिलेत. मुलंबाळं असलेल्या स्मार्त गृहस्थाला चातुर्मास सोडून वद्य एकादशीचा उपवास नाही केला तरी चालतो, इथवर सवलत आहे. बायकोनं नवऱ्यासाठी, मुलानं आईसाठी उपवास केलेला चालतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारा, आणि निर्जळी तर करूच नका, आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते तुम्हाला माहितीय. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, "आता चाळीस वर्षं करलालोय, आता कशाला सोडू" म्हणतात, त्यांना वरचा श्लोक दाखवा. डॉक्टरांचं ऐकत नसले तरी महाभारताचं ऐकतील.

एखादी एकादशी किंवा संकष्टी चुकली तर सुरुवातीपासून करायचं का?

नाही. विसरून खाल्लं तर लक्षात आल्यापासून पुढं पाळायचं, देवाला हात जोडायचे. नवसाच्या ठराविक संख्येची असतील तर शेवटी एक वाढवून घ्या.

उद्यापन कधी करायचं, आणि पैसे नसले तर?

बोललेली संख्या पूर्ण झाली की, किंवा आता शरीर साथ देत नाही असं वाटलं की. पूजा, हवन, जोडप्यांना जेवण, दान असं सांगितलेलं असतं, पण ऐपतीप्रमाणं. हॉल घेऊन, पत्रिका छापून, कर्ज काढून करायचं काही कारण नाही. एक मेहूण जेवू घाला, शिधा द्या, जमलं तर पंढरपूरला किंवा अक्कलकोटला अन्नछत्रात काहीतरी द्या. उद्यापन केलं म्हणजे पुन्हा कधी उपवास करायचा नाही असं नसतं, नवसाचं बंधन सुटतं, पुढं मनात आलं तर एकादशी करतच राहा.